चीनचं झाड आणि आपला नरक्या

भाकऱ्या आटपून, भांडी उपडी घालून तुम्ही ऐकायला बसला असाल. काहीजणी अजून चुलीपुढेच असाल. असू द्या, हात चालू राहू देत, कान तेवढा इकडे द्या.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका मावशीने पिशवीतून एक डबी काढली. बाजारात घेतलेली. वर चिनी अक्षरं, आत काळ्या गोळ्या. मावशी म्हणाल्या, "माझी ढोपरां दुखतत. ह्यां चायनीज औषध खरां काय गो?" डबीवर काय लिहिलंय ते आमच्यापैकी एकीलाही वाचता येईना. मावशींना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता चीनहून निघून सोलापूर, नंदुरबार असं फिरत शेवटी आपल्या आंबोलीच्या रानातच येऊन पोचले. तीच हकिगत आज सांगणार आहे.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून करू. लोणचं कशात घालतो? चिनी मातीच्या बरणीत. सकाळी पहिल्यांदा काय उकळतो? चहा. पानही चीनचं आणि शब्दही चीनचा. मसाल्याच्या डब्यातली दालचिनी तर आपल्या कोकणात परसात होते, पण नाव फारसीतून आलेलं, आणि त्याचा अर्थ 'चिनी लाकूड'. म्हणजे चीन आपल्या घरात फार जुन्या काळापासून आहे. समुद्राकाठच्या माणसाला त्याचं नवल वाटायला नको.

त्यांची घरगुती औषधाची रीतही आपल्याला ओळखीची वाटेल. आपल्या आज्या म्हणायच्या, हे उष्ण, ते थंड. फणस उष्ण, कोकम थंड. चिनी वैद्यकातही अन्नाचे उष्ण आणि थंड असे प्रकार आहेत, आणि शरीरात दोन्हींचा तोल राहिला पाहिजे असं ते मानतात. आपण बाळंतिणीला सव्वा महिना जपतो, शेक-शेगडी देतो, गार पाण्यात हात घालू देत नाही. चीनमध्ये त्याला 'महिना बसणं' म्हणतात. तिथेही बाळंतिणीला गरम गरम खाऊ घालतात आणि वाऱ्यापासून जपतात. आजाऱ्याला आपण पेज देतो, तेही तांदळाची पेजच देतात. आलं आपल्या काढ्यात आणि त्यांच्याही काढ्यात. हजारो कोस दूर राहणाऱ्या दोन ठिकाणच्या बायकांनी आजारी माणसापुढे ठेवलेली वाटी एकच.

आता महाराष्ट्रातला माणूस चीनला कसा गेला ते ऐका. १९३८ साली चीनवर जपानने हल्ला केलेला होता. जखमी सैनिकांसाठी डॉक्टर पाठवा अशी विनंती चीनकडून आली, आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. प्रमुख डॉ. अटल. सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचा जन्म १९१० चा, शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले, डोंगरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया केल्या, क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस अपस्माराच्या झटक्याने गेले. वय ३२. चार वर्षांनी व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तो तुमच्या आईने किंवा आजीने पाहिला असेल.

कोटणीसांची गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक असते, पण त्यांच्या सोबत्याची नसते. डॉ. विजयकुमार बसू भारतात परतले. पुढे १९५० नंतरच्या दशकात ते पुन्हा चीनला गेले. आधीच्या खेपेला त्यांनी आपली विद्या दिली होती. या खेपेला त्यांनी तिकडची विद्या घेतली. सुया टोचून उपचार करायची ॲक्युपंक्चरची पद्धत ते शिकले आणि १९५९ साली त्यांनी ती कोलकात्यात आणली. इंग्रजी वैद्यक शिकलेला डॉक्टर जुन्या वैद्याकडे शिष्य म्हणून बसला, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे ॲक्युपंक्चर रुजलं ते असं.

त्या सुयांचं आज कायद्यात काय स्थान आहे, तेही सांगते. महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी वेगळा कायदा केला. केंद्र सरकारने २०१९ साली तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा कुणी सुया टोचतो म्हणाला तर त्याला विचारायचं, तुमची नोंदणी दाखवा. आणि सुई नवीन, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला लावली तर कावीळ आणि एचआयव्हीसारखे रोग पसरतात. विचारायला लाजू नका.

आता एका बाईची गोष्ट. तिचं नाव थू योयो. साल १९६७. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा मलेरियानेच जास्त आजारी पडत होते, आणि जुन्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. चीन सरकारने औषध शोधायचं गुप्त काम सुरू केलं. १९६९ मध्ये ते थू योयोंकडे आलं. त्यांच्याकडे ना डॉक्टरची पदवी, ना परदेशी शिक्षण. त्यांना कामासाठी दूर हायनान बेटावर जायचं होतं. नवराही बाहेरगावी. मोठी मुलगी पाळणाघरात ठेवली, धाकटी आईवडिलांकडे. खूप दिवसांनी परत आल्यावर लेक त्यांना ओळखेना. मुलांना घरी ठेवून कामाला गेलेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांनी आणि सोबत्यांनी जुन्या पोथ्या चाळल्या, वैद्यांना भेटून दोन हजारांवर नुस्खे जमवले. एक वनस्पती पुन्हा पुन्हा यायची, पण प्रयोगशाळेत कधी गुण द्यायची, कधी नाही. मग त्यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या को हुंग नावाच्या वैद्याची पोथी पुन्हा वाचली. तिथे लिहिलं होतं की मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. त्यात उकळा असं कुठेच नव्हतं. थू योयोंच्या लक्षात आलं की आपण काढा उकळतो, आणि उकळण्याने औषध मरतं. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरात तो अर्क लागू पडला. माणसांवर वापरायच्या आधी त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं. फॅल्सिपेरम मलेरियावर आज सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या मिळतात त्यांत याच औषधाचा अंश असतो. २०१५ साली थू योयोंना नोबेल मिळालं. वैद्यकाचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या चिनी व्यक्ती.

इथे नीट लक्ष द्या. पोथीतल्या नुस्ख्यांमध्ये थोडे खरे निघाले, पुष्कळ फुकट गेले. जुनं आहे म्हणून सगळं खरं नाही, आणि जुनं आहे म्हणून सगळं खोटंही नाही. कोणतं खरं ते तपासल्यावरच कळतं.

आता आपल्या रानात येऊ. आंबोली म्हणजे समुद्रसपाटीपासून ६९० मीटर उंची आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या पावसावर जे रान वाढतं, त्यात एक लहानसं झाड आहे, नरक्या. कुणी त्याला अमृता म्हणतात. एकाच झाडाला नरकाचं नाव आणि अमृताचंही! फुलांना वास असा की नाक दाबावं. शास्त्रज्ञांनी पूर्वी दिलेल्या मॅपिया फीटिडा या नावातही दुर्गंधीच आहे. गुरंढोरं चारणाऱ्यांना हे झाड माहीत होतं, पण जळणापलीकडे त्याला कुणी फारशी किंमत देत नव्हतं.

तिकडे चीनमध्ये एक वेगळंच उंच झाड आहे, शी-शू. त्याचा अर्थ आनंदाचं झाड. तिथल्या जुन्या वैद्यकात ते वापरत. अमेरिकेत कॅन्सरवर औषध शोधताना हजारो झाडांचे अर्क तपासले जात होते, त्यात हे झाडही होतं. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी. ते जाहीर झालं १९६६ मध्ये. द्रव्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. आणि हे मनसुख वाणी कुठले? आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारचे! जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिकेत. याच दोघांनी पुढे १९७१ साली टॅक्सॉल हे दुसरं औषध जगापुढे ठेवलं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर ते आज आपल्याकडच्या इस्पितळांतही देतात. तुमच्या ओळखीत कुणाला केमो झाली असेल तर नंदुरबारच्या या माणसाचं काम तिच्यापर्यंत पोचलं असण्याची शक्यता आहे.

चीनच्या झाडातलं तेच कॅम्प्टोथेसिन १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना आपल्या नरक्यात सापडलं, आणि तेही भरपूर. दोन्ही झाडांचं कूळ वेगळं, देश वेगळा, पण पोटात औषध एकच.

हे ऐकून कुणी उद्या नरक्याची साल उकळून घेईल, म्हणून लगेच सांगते, तसं मुळीच करू नका. १९७० नंतर हे द्रव्य आधी रोग्यांना जवळजवळ जसंच्या तसं देऊन पाहिलं. उलट्या, जुलाब, रक्तपेशी घटणं, लघवीतून रक्त. इतका त्रास की ते प्रयोग थांबवावे लागले. शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल केले, मात्रा ठरवली, तेव्हा कुठे १९९६ पर्यंत त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन औषधं बाजारात आली. पहिलं अंडाशयाच्या, आणि पुढे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरही. दुसरं आतड्याच्या. झाडातल्या विषाचं औषध व्हायला तीस वर्षं लागली. आपल्या चुलीवर ते एका दुपारी होणार नाही.

पण औषधाची मागणी वाढली तशी कुऱ्हाड आली. सह्याद्रीतून नरक्याचं लाकूड तोडून, तुकडे करून परदेशी जाऊ लागलं. आपल्या जिल्ह्यात नरक्याचं चोरटं लाकूड पकडल्याच्या बातम्या तुम्हीही ऐकल्या असतील. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे थोडे रुपये, आणि त्याच लाकडापासून झालेलं औषध रोग्यापर्यंत जाताना केवढ्यालातरी. झाड मुळापासून गेलं की रानात पुढच्या पिढीला बी नाही. परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे हे तर झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या मुलीबाळींना लागेल ते औषध आपणच मोळीच्या भावात विकतोय. गटांनी रोपवाटिका करायच्या ठरवल्या तर वनविभागाशी बोलून नरक्याची रोपं करता येतील का, हे विचारून पाहा. बी आपल्याच रानातलं, आणि ते कुठे मिळतं ते आपल्याच बायकांना माहीत.

आता मावशींच्या डबीकडे परत येते. १९९० नंतर बेल्जियम देशात वजन उतरवण्यासाठी काही बायकांना एका दवाखान्यात चिनी जडीबुटीच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका वनस्पतीच्या जागी चुकून दुसरी पडली होती. शंभरहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे कितीतरी जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. ती चुकीची वनस्पती ॲरिस्टोलोकिया कुळातली होती. आपल्याकडची ईश्वरी, जिला काहीजण सापसण म्हणतात, ती याच कुळातली. सापाच्या विषावर म्हणून तिचं मूळ कुणी उगाळून देतं. देऊ नका, घेऊ नका. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, मुळाकडेही नाही, थेट सरकारी दवाखान्यात. प्रतिविष तिथे मिळतं. दुखण्याच्या काळ्या गोळ्यांत तर स्टेरॉइड मिसळलेली कितीदा सापडली आहेत. दोन दिवस ढोपरं हलकी वाटतात, पण पुढे साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. मावशींची डबी आम्ही डॉक्टरांना दाखवायला नेली. त्यांनीही सांगितलं, आत काय आहे ते लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, ते पोटात घालायचं नाही. औषध चिनी असो, आयुर्वेदिक असो की इंग्रजी, हा नियम सगळ्यांना लागू.

मग चीनकडून घ्यायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट मुळात नाही, सुईतही नाही. १९६० नंतरच्या दशकात चीनने खेड्यातल्याच शेतकरी बायका-पुरुषांना काही महिने शिकवून आरोग्याचं काम दिलं. त्यांना 'अनवाणी डॉक्टर' म्हणत. एका पिशवीत जडीबुटी, सुया आणि थोडी नेहमीची औषधं. पुढे १९७८ साली 'सर्वांसाठी आरोग्य' ही हाक साऱ्या जगाने दिली, तेव्हा या कामाची चर्चा झाली. आपल्या महाराष्ट्रातही जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका केलं. त्या बाळंतपणं सुरक्षित करू लागल्या, मुलांची वजनं करू लागल्या. २००५ नंतर आलेली आपली आशाताई याच वाटेवरची.

आणि या वाटेवर महाराष्ट्रात काय झालं पाहा. मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाख गरीब वस्तीतल्या बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावून साध्या डोळ्यांनी पाहायचं. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून हे काम दिलं. २०१३ साली निकाल आला, या तपासणीमुळे त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ना मोठं यंत्र, ना महाग औषध. तुमच्या आशाताईला विचारा, ही तपासणी जवळ कुठे होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने करून घ्या. पाळी गेल्यावर रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, स्तनात गाठ लागली, तर काढा करत बसू नका. लाजेपायी गेलेले सहा महिने कुठलंच झाड परत देत नाही.

आता रोजच्यासाठी चार गोष्टी सांगते, सगळ्या बिनपैशाच्या.

पाणी उकळून प्या. चीनमध्ये घरोघरी गरम पाण्याचा थर्मास असतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर ते फारच गरजेचं. सर्दी-पडशाला आल्याचा काढा चालेल, पण ताप तीन दिवसांवर गेला तर रक्त तपासा. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो काढ्याला जुमानत नाहीत.

घाटातून एसटीने जाताना मळमळतं ना? मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर मोजा, मध्ये दोन दोऱ्यांसारख्या शिरा लागतात, त्यांच्यामधे अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. चिनी पद्धतीतली ही जागा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर तिची पुष्कळ तपासणी झाली आहे आणि काहींना गुण आलेला आहे. नाही आला तरी अपाय काही नाही.

ढोपरं दुखतात त्यांनी गोळीआधी हालचाल करून पाहा. चीनमध्ये म्हातारी माणसं सकाळी अंगणात मिळून सावकाश हातपाय हलवतात, त्याला ताय-ची म्हणतात. त्याने म्हातारपणी पडणं कमी होतं असं अभ्यासात दिसलंय. आपल्याला ताय-ची कशाला, आपली फुगडी नाही का? म्हाताऱ्यांसाठी तिचीच सावकाश चाल करा, खुर्ची धरून उठबस करा, पण एकीने नको, गटाने करा.

आणि शेवटची गोष्ट, जेवण. घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेलं खाते ती बाई आजारीच पडते. पेज पहिल्यांदा प्या, पण त्यासोबत डाळ, पालेभाजी, अंडं किंवा मासळीचा एखादा तुकडा आपल्याही ताटात घ्या. उष्ण-थंडाचा तोल पुढचा. आधी ताटाचा तोल सांभाळा.

मावशी आता रोज सकाळी खुर्ची धरून उठबस करतात. डबीत त्यांनी सुया-दोरे ठेवलेत. म्हणतात, "डबी बरी आसा, गोळ्येच वायट."

पुढच्या बैठकीत तुमच्या घरात अशी एखादी डबी असेल तर आणा, मिळून पाहू. नमस्कार.